अमेरातच्या गच्चीवर लुकलुकणारे सिग्नल

मस्कत विमानतळावर माझी बॅग उघडली, तर आत पांढऱ्या घुमटासारखा अँटेना आणि वायरींचं भेंडोळं. कस्टमचा तरुण अधिकारी चक्रावला.

"हे काय करतं?"

"उपग्रहांच्या सिग्नलचं लुकलुकणं मोजतं."

"सिग्नल लुकलुकतात?" तो खळखळून हसला. "यल्ला (चला), घेऊन जा!"

२०१४ साल होतं. सूर्यावर डाग भरपूर, त्यात सप्टेंबरअखेर. म्हणजे या लुकलुकण्याचा ऐन हंगाम! पुण्यात बसून मी आजवर दुसऱ्यांच्या नोंदी अभ्यासल्या होत्या. स्वतः यंत्र लावायची ही पहिलीच वेळ.

मैत्रीण वैशाली न्यायला आली होती. बोडक्या, तपकिरी डोंगरांतून गाडी वर चढली आणि पलीकडे पांढऱ्या घरांचं अल अमेरात एकदम समोर पसरलं. घरी कहवा (वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी) आणि खजूर तयार होते. खालच्या मजल्यावरच्या झुलेखाचाचींनी तांदळाच्या भाकऱ्या नि सुरमईचं कालवण पाठवलं होतं. चाची मूळच्या रत्नागिरीकडच्या. मुलगा इक्बाल मालवाहू जहाजावर, सून रुबिना दिवस भरलेली.

अँटेना गच्चीवर बसवला. पहिल्या दोन संध्याकाळी लॅपटॉपच्या पडद्यावरची सिग्नलची रेघ सरळच्या सरळ. वैशाली चिडवायला लागली, "तुझं आकाश सुट्टीवर गेलंय गं!"

तिसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला, अंधार पडला आणि दक्षिणेकडच्या एका उपग्रहाची रेघ थरथरली. मग अशी नाचू लागली की मी ओरडलेच! सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थरात, विषुववृत्ताकडे विरळ बुडबुडे उठतात. त्यांच्यातल्या बारीक उंचसखल भागांतून येताना रेडिओलहरी वेड्यावाकड्या होतात, एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे सिग्नल पार बुडतो.

तेवढ्यात धापा टाकत चाची वर आल्या. हातात मोबाइल.

"बेटी, तुझा तो डबा बंद कर गो! इक्बालचा फोन तुटतो सारखा!"

दुपारी रुबिनाला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. संध्याकाळी जहाजाच्या सॅटेलाइट फोनवर चाचींनी "तिला ऑपरेशनला नेलंय" एवढं सांगितलं आणि लाइन गेली. आता बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला होता. पण भरसमुद्रात इक्बालच्या कानात शेवटचा शब्द होता 'ऑपरेशन'.

"माझा डबा नुसता ऐकतो, चाची. अडवतंय ते वर आहे. जहाज कुठंय?"

"मसिरा बेटाच्या खाली म्हणाला होता."

म्हणजे जवळपास सरळ दक्षिणेला. हे बुडबुडे दक्षिणोत्तर लांबलचक पट्ट्यांसारखे असतात आणि पूर्वेकडे सरकतात. दोन पट्ट्यांमधली फट इथे आली, तर तिथेही आलेली असण्याचा संभव होता. खात्री नव्हती.

मी पडद्यावरून नजर हटवली नाही. चाचींचे ओठ दुआ पुटपुटत होते. रेघ नाचली, दमली, हळूहळू सपाट झाली.

"आता लाव!"

वैशालीनं नंबर फिरवला. घंटी वाजली.

"अम्मी? अम्मी, रुबिना...?"

"अस्सलामु अलैकुम, बाबा. जेवलास काय?"

"चाची, आधी बातमी!" आम्ही दोघी किंचाळलो.

"पोरगी झाली रे! दोघी बऱ्या हायत!"

पलीकडून एक हुंदका, त्यातूनच फुटलेलं हसू, "अम्मी, परत बोल, परत..." रेघ पुन्हा उसळली आणि लाइन गेली. चाची मला मिठी मारून रडत होत्या, मीही.

निघण्याआधी हॉस्पिटलात जाऊन मी ती एवढीशी मुलगी पाहिली. चाचींनी ओमानी हलव्याचा डबा माझ्या बॅगेत कोंबलाच.

पुण्यात परतल्यावर सहकारी त्या संध्याकाळच्या नोंदींभोवती गोळा झाले. काय उसळ्या, काय खोल दऱ्या! मधल्या सपाट तुकड्याकडे कुणी पाहिलंही नाही. आमच्या कामाच्या दृष्टीनं तिथे काही घडलेलंच नव्हतं. मी मात्र त्या तुकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले.