वाताचा खांब

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. वडील पिंपळगाव राजाला शेती करत आणि चौथीनंतर मला वखरामागे लावायचं त्यांनी ठरवलं होतं. त्या वर्षी आत्या पोळ्याला माहेरी आली, जाताना माझं दप्तर आपल्या टोपल्यात घातलं आणि मला खामगावला घेऊन गेली. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं. गावाबाहेर लहानसा भाजीमळा आणि बाजारात दुकान. दुकान म्हणजे चार बांबूंवर ताणलेलं तरटाचं पाल आणि त्याखाली भाजीच्या टोपल्या. त्या टोपल्यांच्या जोरावर मी हायस्कूल पार केलं, नागपूरला कॉलेजात गेलो आणि बी. एस्सी. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी सही करता येणारे दोघेच होते, आणि त्यांतल्या एकाला सहीच तेवढी येई.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. मी तिकडे शिकत असताना खामगावच्या बाजारात विजेचे दिवे आले. त्याआधी रॉकेलचे कंदील होते. संध्याकाळी एक म्हातारा खांद्यावर शिडी घेऊन यायचा आणि एकेक कंदील पेटवत जायचा. आता लोखंडी खांब उभे राहिले आणि दिवेलागणीला सगळे दिवे एकदम लागू लागले. त्यांतला एक खांब आत्याच्या पालाला लागूनच होता. हा मान आपल्याला खास मिळाला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

पदवी घेऊन परत आलो आणि हायस्कुलात विज्ञान शिकवायची तात्पुरती नोकरी मिळाली. पहिल्याच संध्याकाळी आत्याच्या दुकानावर गेलो तर खांबापाशी माणसांची रांग. दिवा लागला तसा पहिला म्हातारा पुढे झाला, दोन्ही हातांनी खांब धरला, डोळे मिटले, थोडा वेळ थरथरला आणि समाधानानं बाजूला झाला. मग दुसरा. आत्याही उठली, पदर खोचला आणि आपला नंबर लावला.

हा काय प्रकार, म्हणून मी विचारलं. तिनं सांगितलं की हा वाताचा खांब आहे. याला धरलं की अंगात झिणझिण्या येतात आणि वात उतरतो. बाकीचे खांब निकामी, त्यांत काही नाही. हा एकच जागृत. तिच्या गुडघ्यांना महिन्याभरात फरक पडला होता. नगरपालिकेचे एक मेंबरसुद्धा कंबर धरून रोज येत, आणि त्यांना रांग नव्हती.

पुस्तकात वाचलेलं सगळं तिथं समोर उभं होतं. वरच्या तारेचं आवरण कुठंतरी झिजलं असणार आणि वीज लोखंडात उतरत असणार. कोरड्या जमिनीवर झिणझिण्यांवर भागत होतं. पण आत्या दिवसभर पालकावर, सांबारावर म्हणजे कोथिंबिरीवर पाणी शिंपडायची. तिच्या पायाखालची माती कायम ओली. पायात वहाण नाही. आणि पावसाळा तोंडावर आला होता.

मी तिला समजावू लागलो. मळ्यातल्या मोटेचा दाखला दिला. पाट फुटला की पाणी जशी वाट मिळेल तसं जातं, तशी ही वीज खांबात फुटली आहे आणि तिला जमिनीत जायचं आहे. तू ओल्यात उभी राहून खांब धरलास की तू तिची वाट होतेस. खांबाच्या बुडाशी एक जाड तार जमिनीत गेलेली असायला पाहिजे, म्हणजे वीज तिकडून निघून जाते. इथे ती दिसत नाही.

आत्या माझं सगळं ऐकून घेई. मी शिकलेलं ऐकायला तिला आवडायचं. पण त्या तारेचं बोलणं निघालं की ती एकदम भेंड्या निवडायला लागायची.

मी वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं सांगितलं, नगरपालिकेचं पत्र आणा. नगरपालिकेत गेलो तर तिथे कंबरवाले मेंबरच बसलेले. ते म्हणाले, तक्रार कोणाचीच नाही, उलट जनता खूश आहे. रांगेतल्या म्हाताऱ्यांना माझा हेतू कळला तेव्हा ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की जणू मी त्यांच्या तोंडचं औषध काढून घेतो आहे. एकानं आत्याला सुनावलं, "पोट्टं शिकून आलं अन् देवाले दुरुस्त कराले निंघालं." आत्या हसली, पण रात्री भाकरी वाढताना मला दोनदा विचारलं, खरंच माणूस मरतं का बे त्यानं. मी हो म्हणालो. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा रांगेत होती. गुडघ्यापुढे पुस्तकाचं काही चालत नव्हतं.

श्रावणात एक दिवस दुपारभर सरी येऊन गेल्या. बाजारात चिखल झाला. मी शाळेतून धावतपळतच आलो. दिवे लागायची वेळ झाली होती, पावसामुळे रांग लागली नव्हती, तीन-चार जण तेवढे आडोशाला उभे होते. दिवा लागला. आत्या पाय ओढत खांबाकडे निघाली.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी चपला काढल्या, चिखलात तिच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आज आधी मी धरतो. माझाही हात लिहून लिहून दुखतो."

तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग माझा सदरा मागून असा ओढला की त्याची दोन बटणं तुटली.

"खबरदार हात लावशीन तं," ती म्हणाली.

"काऊन? तू तर रोज लावतं." रागात माझ्याही तोंडी घरचीच बोली आली.

"माह्यं काय? माह्ये गुडघे गेलेच हायेत. तुले म्या शिकोलं ते कायले, खांबाले चिकटाले?"

आडोशाचे म्हातारे हसले. त्यांतला एक म्हणाला, म्हंजे बाई, तुले माईत होतं तं. माझा सदरा तिनं अजून सोडला नव्हता. मग ती पालाकडे गेली, कोपऱ्यातल्या बांबूला आवळलेली एक जाड तार हिसडे देऊन सोडवली आणि माझ्या हातात दिली. पाल एका बाजूनं खाली आलं आणि वर साचलेलं पाणी धो धो करत वांग्यांवर पडलं.

"हेच का तुह्यी तार? खांबाच्या बुडाशी उगीच लोंबून राह्यली होती. मले वाटलं, मिस्तरी इसरला."

मी ती तार धरून उभा राहिलो आणि मला इतकं हसू आलं की चिखलात बसायची पाळी आली. आल्यापासून मी त्याच पालाखाली बसून तिला त्याच तारेचं महत्त्व सांगत होतो. आत्याही हसली, मग लाजली, मग म्हाताऱ्यांवर उखडली. आजपासून खांबाला कोणी हात लावायचा नाही, लावला तर तिच्या दुकानाची भाजी बंद. कंबरवाले मेंबर थोड्या वेळानं आले, तेव्हा ती केरसुणी घेऊन खांबापुढे बसली होती. ते तसेच परत गेले.

कंपनीचं काम तिनंच केलं. कारकुनाच्या घरी भाजी तिच्याकडूनच जायची. सकाळी तिनं त्याच्या बायकोला सांगितलं की खांब दुरुस्त होईस्तोवर सांबार मिळणार नाही, मेथी तर नाहीच. दुपारी मिस्त्री हजर. त्यानं वरची झिजलेली तार बदलली. खाली खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ घातलं आणि आत्याची तार पुन्हा खांबाला जोडून खड्ड्यात पुरली. जाताना तिला म्हणाला, "बाई, गर्मी में इसमें पानी डालते रहना. जमीन गीली रहेगी तो बिजली ठीक से नीचे जाएगी."

एवढं तिला पुरलं. इतके दिवस जे पाणी नको म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो, तेच पाणी आता घालायचं होतं, आणि ते काम तिच्याकडे आलं होतं. रोज सकाळी दुकान मांडायच्या आधी ती खड्ड्यात तांब्याभर पाणी घाली. भर पावसातसुद्धा घाली. मी म्हणालो, आत्या, पावसाळ्यात गरज नाही. ती म्हणाली, सवय मोडू नाही. रांगेतले लोक काही दिवस येऊन खांबाला लांबूनच पाहून गेले. खांब थंड पडला, असं म्हणत त्यांनी हळहळ केली आणि आपापल्या तेलाच्या बाटल्यांकडे परतले.

पुढल्या वर्षी मला यवतमाळला कायमची नोकरी मिळाली. तिथून आत्याला पाठवलेलं पहिलं पत्र इथे देतो. ते तिला वीज कंपनीच्या त्याच कारकुनानं वाचून दाखवलं.

"आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून हे लिहितो. मी नीट पोचलो. मुलं चांगली आहेत, मला गुरुजी म्हणतात आणि मला दर वेळी मागे वळून पाहावंसं वाटतं की कोणाला म्हणाले.

गुडघ्यांसाठी तेल पाठवलं आहे. रात्री कोमट करून लाव, आणि खांबाची आठवण काढू नकोस. पाणी खड्ड्यातच घालत जा. खांबावर घालू नकोस, फूलही वाहू नकोस. तू वाहतेस, हे मला माहीत आहे. पत्र वाचणाऱ्या दादांनाही माझी विनंती आहे की मिस्त्रीला अधूनमधून त्या खांबाकडे पाठवत जावं. आत्या, तू त्यांना मेथी देत जा.

तू माझं दप्तर टोपल्यात घालून मला आणलं नसतंस तर आज मी वखर हाकत असतो. त्यात काही वाईट नव्हतं. पण मग त्या दिवशी चिखलात तुझ्या पुढे कोण उभं राहिलं असतं, हे मनात येतं आणि झोप उडते. म्हणून तू मला शिकवलंस याचा मला माझ्यासाठी झाला नाही एवढा आनंद तुझ्यासाठी होतो.

इथं माझ्या खोलीसमोरही विजेचा खांब आहे. त्याची तार जागेवर आहे. ती पाहिली आणि मगच खोली घेतली.

तेलासोबत सुताची चांगली जाड दोरी पाठवली आहे. पाल आता तिनंच बांध."