सोळा बोअरची हलकी काडतुसं

आमच्या घरात एकही वस्तू भांडणाशिवाय आलेली नाही. मिक्सर, पडद्यांचा दांडा, गाडीचे हिवाळी टायर, अगदी पोळपाटसुद्धा. मी काही विकत आणलं की नवरा ते उलटंपालटं करून बघायचा आणि म्हणायचा, "तुला कोणी सांगितलं होतं हे घ्यायला?" की झाली माझी सुरुवात. पुण्यातले शेजारी म्हणायचे, आज यांच्याकडे नवीन काहीतरी आलंय वाटतं. जर्मनीत वाल्डॉर्फला आलो, शेजारी बदलले, आम्ही नाही बदललो. इथल्या भिंती जाड, एवढाच काय तो फायदा.

मागच्या वर्षी त्याची बायपास झाली. छाती उघडली, शिवली, मग काही आठवडे रेहा-क्लिनिकमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, ठेवलं, आणि तिथून एक अत्यंत सभ्य माणूस घरी आला. चहा दिला की "डांके," म्हणजे आभारी आहे. आमटीत मीठ पडलंच नाही तरी "छान झालीय." मी मुद्दाम हॉलला भडक केशरी पडदे लावले. एरवी त्या पडद्यांवर आठवडा निघाला असता. त्याने मान वळवून बघितलं, "छान आहेत" म्हणाला आणि पुन्हा शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत बसला.

लोक मला म्हणायचे, किती गं धीराची तू! कसला डोंबलाचा धीर! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ जसा आपला राहत नाही, तशी मी आतून झाले होते. डबे घासत होते, गोळ्या काढून देत होते, आम्टाच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, पत्रांना उत्तरं लिहीत होते. ऑपरेशनच्या दिवशीही रडले नाही, नंतरही नाही. आम्ही दोघं एकमेकांशी हॉटेलातल्यासारखे वागत होतो. माझा नवरा जिवंत होता आणि मला माझा नवरा परत हवा होता. हे कुणाला सांगणार? मुलगी कोलोनला शिकते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. फोनवर ती एवढंच म्हणायची, "ममा, लास इन." राहू दे त्याला.

पण मी कशी राहू देणार?

त्याला आयुष्यात एकच नाद होता. गावातल्या शुत्सेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या क्लबात, शनिवारी सकाळी जाऊन हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायच्या. क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडून त्याने जुनी दुनळी बंदूक घेतली होती, सोळा बोअरची. तेव्हा "तुला कोणी सांगितलं होतं" मी विचारलं होतं, कारण नळीचं हे माप आता फारसं कुणी वापरत नाही. ऑपरेशननंतर ती कुलपात गेली. छातीचं हाड जुळल्यावर डॉक्टर म्हणाले, खेळा, पण खांद्याला दणका हलका बसला पाहिजे. क्लबात विचारलं, तर या बंदुकीची तशी हलकी काडतुसं दुकानात मिळेनात. थोडी थोडी घरीच भरून घ्या, म्हणाले. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

म्हटलं, ठीक आहे, तू बघ कुंपणाकडे, मी बघते. आयुष्यात फटाक्याच्या माळेला काडी न लावलेली बाई मी, क्लबची सभासद झाले. बारूद हाताळायचा परवाना लागतो, त्यासाठी कोर्स, परीक्षा, चारित्र्याचा दाखला. हिवाळा त्यातच गेला. शिकवायला लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, इथे पुस्तकात दिलंय तेवढंच, तेच, तसंच. अंदाज बंद. मी पंचवीस वर्षं अंदाजाने स्वयंपाक करत आलेय, पण गंमत म्हणजे मला ते बरं वाटलं. डोकं बंद ठेवून हात चालवायची परवानगीच मिळाली म्हणा ना.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या किंचाळल्याच. "अगं बाई, घरात बारूद? आणि तुझ्या हातात? तुझा तर चहा उतू जातो!"

"अहो आई, लक्ष ठेवते ना," मी म्हटलं. त्या दुपारी चहा उतू गेला.

मग यंत्र घ्यायची वेळ आली. दुकानदाराने आधी भलं मोठं मशीन दाखवलं. दांडा ओढला की दरवेळी एक तयार काडतूस बाहेर, पण एकाच वेळी चार ठिकाणी लक्ष. "यात वेळ खूप वाचतो," तो म्हणाला. वेळ वाचवून करू काय मी? कुंपणाकडे बघू? आम्हाला शनिवारपुरती दोन डबे काडतुसं हवी होती. मी लहान, साधं, हाताचं मशीन निवडलं. त्यात एका वेळी काडतुसाची एकच वापरलेली नळी. आधीची उडालेली ठिणगीची टोपी काढायची, नवी बसवायची, बारूद, त्यावर प्लास्टिकची वाटी, त्यात छर्रे, आणि शेवटी तोंड घड्या घालून मिटायचं. "आमच्याकडे पोळ्या एकेकच लाटतात," मी म्हटलं. तो "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. वजनकाटाही बॅटरीचा नको, दांडीचा घेतला. चुकलं तर समोर दिसतं.

खरं सांगायचं तर मी ते सगळं घेतलं आणि पूर्ण रस्ताभर मनात उत्तरं तयार करत आले. मोठं का नाही घेतलंस, म्हणेल. काटा जुनाट कशाला, म्हणेल. एकेक उत्तर असं तयार होतं, की बस्स. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

त्याने मशीनच्या दांड्यावरून बोट फिरवलं. "छान आहे," म्हणाला. "डांके."

मी सगळं उचलून खाली केलरमध्ये, तळघरात, नेलं. वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिले. आता रडू येईल असं वाटलं. तेही आलं नाही.

मग रोज तासभर मी खालीच. बारूद तोलायची, दांडी स्थिरावेपर्यंत श्वास रोखायचा, नळी पुढे सरकवायची. शेवटच्या घड्यांनी मात्र छळलं. मोदकाच्या कळ्या आत दाबून मिटाव्यात तसं ते काम, आणि माझे मोदक वाफेत नेहमी उघडतात. इथेही मधोमध बारीक फट राहायची. वाईट दिसायची ती बाजूला काढली, बऱ्या दिसणाऱ्यांचा डबा भरला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी म्हटलं, "चल." तो निघाला. हल्ली तो कशालाही नाही म्हणत नव्हता.

रेंजवर गार वारा होता. त्याने बंदूक खांद्याला लावली तेव्हा माझी नजर त्याच्या छातीवर, जिथे शर्टाखाली ती लांब खूण आहे. तबकडी उडाली. फट्. काडतूस खरंच हलकं होतं, खांदा जेमतेम हलला. तबकडी मात्र मजेत उडत जाऊन गवतात पडली. दुसरी, तिसरी, तीच गत.  मला वाटलं, आता "छान आहे" म्हणेल आणि आपण घरी जाऊ, आणि मग काय? मग माझ्याकडे काहीच उरलेलं नव्हतं.

त्याने डब्यातून पुढचं काडतूस घेतलं आणि थांबला. तळहातावर दोन छर्रे सांडले होते. काडतूस डोळ्यांजवळ नेऊन त्याने मिटलेलं तोंड बघितलं, नखाने घडी दाबली, आणखी एक छर्रा पडला. त्याच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी किती महिन्यांनी बघत होते!

"हे काय आहे? याचं तोंड मिटलेलंच नाहीये. हे फुटकं मशीन घ्यायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"फुटकं? तू म्हणालास ना छान आहे?"

"छान? याला छान म्हणतात? घड्या बसवायचा भाग फिरवून आवळलास तरी का?"

"मग खाली यायला काय झालं होतं? पाय तुटले होते?"

मागे रांगेत उभे असलेले जर्मन अतिशय सभ्यपणे ढगांकडे बघू लागले. त्याने बंदूक उघडून मोकळी केली, मी डबा बंद केला, आणि आम्ही भांडत गाडीपर्यंत गेलो. गाडीत मोठं मशीन का नाही घेतलं, तिथपासून सुरू झालं. मग काटा. मग पडदे. "आणि ते पडदे! डोळे फुटायची वेळ आलीय!" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. वर्षभराचं रडू, सिग्नलला गाडी थांबलेली, मागचा हॉर्न वाजवतोय, आणि मला थांबताच येईना.

 तो म्हणाला, "रडायला काय झालं? भांडण अर्धवट सोडू नकोस."

मी ओढणीला नाक पुसलं आणि काट्यापासून पुन्हा सुरुवात केली.