तीन नंबरची कॉईल आणि आप्पांच्या खिशातली किल्ली

आप्पांची गाडी आणायला राजगुरुनगरला जायचं, हे मी तीन आठवडे पुढे ढकलत होते. माझे वडील बहात्तर वर्षांचे. हात थरथरतात, मागच्या महिन्यात त्यांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली. गाडी आता रहाटणीला माझ्याकडे राहील, हे मी ठरवलं होतं, त्यांनी नाही. त्यातच इंजिन झटके देऊ लागलं. मेकॅनिकनं तपासून सांगितलं, तीन नंबरच्या सिलिंडरची इग्निशन कॉईल गेली. म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा भाग.

"एका बोल्टाच्या कामाला गॅरेज कशाला? मी बदलतो. तू येताना कॉईल आण," आप्पा फोनवर म्हणाले.

शनिवारी नाशिक फाट्यावर बस धरली. जाणार असाल तर सकाळी आठच्या आत निघा. चाकणच्या चौकात कंटेनरांमागे तास सहज जातो. माझा गेला. पुढच्या सीटवर रात्रपाळी करून आलेले दोघं होते.

"भावा, चाकण आलं की उठव."

"आणि मला कोण उठवणार, राव?"

शेवटी दोघांना मीच उठवलं आणि त्यांच्यामागे उतरले. स्पेअर पार्टच्या दुकानात जुन्या कॉईलवरच्या नंबरचा, आप्पांनी पाठवलेला फोटो दाखवून तसलीच कॉईल घेतली आणि पुढची बस पकडली.

आप्पांनी अंगणात पेपर अंथरून नट खोलायचे पाने मांडले होते. बॉनेट उघडं, इंजिन गार. पण आप्पांच्या हातातला पाना बॅटरीच्या नटावर टेकेना. दोनदा घसरला. आप्पा आपल्या बोटांकडे बघत राहिले. मी चहाच्या कपात बघत राहिले.

"तू कर," ते म्हणाले. "मी बसतो हितं."

मी पाना उचलला.

"थांब!" त्यांनी शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली. "ज्याचा हात आत, किल्ली त्याच्या खिशात. कंपनीत तीस वर्षं हेच केलंय. दुसऱ्यानं चुकून चालू केलं तर?"

किल्ली कोमट होती.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला केली. मग कॉईलच्या कनेक्टरचं लॉक दाबून तो सोडवला. "वायर वढायची न्हाई!" बोल्ट काढला, कॉईल किंचित फिरवून सरळ वर उपसली. नवी तशीच दाबून बसवली, कनेक्टर टक् करून लागला. "बोल्ट बेतानं आवळ. प्लॅस्टिक हाय ते." शेवटी निगेटिव्ह वायर परत जोडली.

गाडी चालू केली. एकही झटका नाही. आप्पा मडगार्डवर तळहात ठेवून बराच वेळ ऐकत होते.

काम झालं की किल्ली परत करायची, हाही त्यांचाच नियम. मी गाडी बंद करून किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, पेपरची घडी घालत राहिले.

"चाकणात गर्दी व्हायच्या आत निघ," ते म्हणाले.

गाडी चालवत घरी पोचले तेव्हा खांदे भरून आले होते. आप्पांचा फोन आला.

"झटका?"

"नाही."

"किल्ली कुठंय?"

"खिशात."

"हां," म्हणाले, आणि फोन ठेवला.

दाराशेजारी किल्ल्यांची खुंटी आहे. आठ दिवस झाले, ती किल्ली मी अजून तिथे टांगलेली नाही; खिशातच असते.