इंजिन माझं आहे

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या घरात गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नाही, कारण तिथे माझं वर्कबेंच आहे. आठवडाभर मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि वीकेंडला रेल्वे इंजिनांची मॉडेल्स बनवते. गेल्या हिवाळ्यात मी स्वित्झर्लंडच्या डोंगरी रेल्वेवरचं एक वाफेचं इंजिन पितळेत बनवलं. हातभर लांब. माझं विजेवर चालतं, पण दिसतं हुबेहूब.

खऱ्या इंजिनात एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच असतात आणि वाफ दोनदा कामाला जुंपतात. मागच्या सिलिंडरांत राबून आलेली वाफ पुढच्या मोठ्या सिलिंडरांत जाते. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे शिळ्या पोळीचा कुस्करा!" अगदी तसंच. यातला चाकांचा मागचा संच बॉयलरला पक्का असतो, पुढचा मोकळा. त्यामुळे वळणावर पुढची चाकं निमूट वळतात, पण बॉयलरचं तोंड सरळ जायला बघतं आणि रुळांबाहेर डोकावतं.

वसंतात आमच्या मॉडेल क्लबचं प्रदर्शन होतं. माझं इंजिन पहिल्यांदाच लोकांसमोर धावणार होतं, म्हणून आदल्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. खोकं उचलायला नवरा आला होता. माणूस भला आहे, पण त्याला बॉयलर आणि डबा यांतला फरक कळत नाही.

रुळांची व्यवस्था बघणाऱ्या एका रिटायर्ड अमेरिकन गृहस्थांनी वळणावर नवा बोगदा बसवला होता. तो अरुंद आहे, हे मला बघताक्षणी कळलं. मी म्हटलं, आधी वीज बंद ठेवून इंजिन हाताने ढकलून बघू. त्यांनी वाकून चाकं पाहिली आणि सरळ होऊन माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

नवऱ्याने बोगद्याकडे पाहिलं, ताटकळलेल्या लोकांकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "शुअर, इट विल बी फाइन."

मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी विजेचा नॉब फिरवलाही होता. बॉयलरच्या तोंडाशी लावलेला दिवा बोगद्याच्या भिंतीवर आपटून तुटला, पुढची चाकं रुळांवरून उतरली. ते गृहस्थ फार ओशाळले. मनापासून सॉरी म्हणाले, नवऱ्याला. आणि नवरा म्हणाला, "नो प्रॉब्लेम."

गाडीत बसल्यावर माझा पारा चढला.

"अगं, दिवाच तर तुटलाय. नवीन लावू ना," तो म्हणाला.

"दिवा मी उद्या लावीन. तू हो का म्हणालास?"

"सगळे वेट करत होते यार. ऑकवर्ड झालं असतं. आणि त्यांनी मला विचारलं."

"मी तुझ्या शेजारी उभी होते. इंजिन तिचं आहे, तिला विचारा, एवढं म्हणता आलं नाही तुला?"

सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तो प्रामाणिकपणे विचार करत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सुचलंच नाही गं," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याचंच मला रडू आलं.