पाव डॉलरवरची वाघळीण

माझी पुआलेले मावशी आमच्या अमेरिकी बेटावरच्या वाटिया गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती : चर्चमधला तिचा वरचा सूर आणि लोकांची फिरकी घ्यायची खोड. नवऱ्याच्या बसमध्ये तीस वर्षं भाडं गोळा करता करता तिनं निम्म्या बेटाला टोपणनावं चिकटवली होती. नवरा गेला, बस विकली, आणि मग तिचा सगळा मारा शेजारच्या सार्जंट आउलावावर वळला.

सार्जंट लष्करातून निवृत्त झालेला. अंगणातल्या नीरफणसावर त्याचा फार जीव. आमच्याकडची वटवाघळं दिवसाढवळ्याही फळं खायला येतात; ती आली की डबा बडवायचा, वर दगड भिरकावायचा.

त्या साली साथीमुळं विमानं बंद होती. होनोलुलूहून मावशीच्या लेकीचं पार्सल बोटीनं आलं, त्यात पाव डॉलरचं एक नवं नाणं होतं. एका बाजूला वॉशिंग्टन. दुसऱ्या बाजूला, आमच्या नॅशनल पार्कच्या मानाखातर, उलटी लटकलेली वाघळीण आणि तिच्या पोटाशी पिल्लू. मावशीनं ते पाहिलं आणि तडक कुंपण गाठलं.

"सार्जंट, दगड खाली ठेव."

"का म्हणून?"

"सरकारी नोकरावर हात उचलतोयस. हा बघ फोटो."

सार्जंटनं चष्मा लावला. नाणं बराच वेळ उलटंपालटं केलं. "पण ही तीच कशावरून?"

"कान बघ की! रोज तुझ्याकडं जेवायला येते, आणि तू ओळखत नाहीस?"

सरकारचं नाव निघालं की सार्जंट ताठ व्हायचा. दोन आठवडे तो झाडाखाली हाताची घडी घालून नुसता उभा राहिला. वर वाघळीण मजेत फळं कुरतडत होती, आणि इकडे मावशी गावभर सांगत सुटली, "काल त्यानं तिला सलाम ठोकला!" मी काही तो सलाम पाहिला नाही.

सार्जंट मात्र तेवढा भोळा नव्हता. एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो पार्कच्या कचेरीत गेला. आठवड्याभरात तिथली अधिकारी बाई मावशीच्या दारात हजर. हातात सार्जंटचा अर्ज : 'आपली कर्मचारी माझे नीरफणस खाते. शेजारच्या पुआलेलेबाई तिच्या पालक असून तिला कानावरून ओळखतात.'

"एवढी जाण असलेलं माणूस आम्हाला हवंच होतं," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "रोज दुपारी किती वटवाघळं येतात ते लिहून द्याल?"

पाहुण्याला नाही म्हणणं मावशीच्या रक्तात नव्हतं. तिनं कोकोचा पेला पुढं केला आणि कुंपणापलीकडे पाहिलं. सार्जंट खाली मान घालून नीरफणस सोलत होता. त्याचे खांदे मात्र हलत होते.

"लबाड म्हातारा!" मावशी पुटपुटली. मग तिलाच इतकं हसू आलं की कोको सांडला.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्यांदा जाहीर केलं, "अकरा!"

"नऊ," पलीकडून उत्तर आलं. "दोनदा मोजतेस."

"तुझा चष्मा बदल!"

असं सहा महिने चाललं. शेवटी वही एकच ठेवायची ठरली, कारण बाईंना दोन निरनिराळे आकडे मिळायला लागले होते. पुढं मावशीचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा सार्जंटनंच कुंपणाच्या दोन फळ्या काढून तिची खुर्ची झाडाखाली नेऊन ठेवली. तिथं बसून ती त्याला नवनवी टोपणनावं ठेवते, आणि तो ती वहीत उतरवून घेतो.