तात्या हो म्हणू लागला

आजवर कुणापाशी बोललो नाही, ते आधी सांगून टाकतो. शेळगावातली दाजींची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली असं सगळे म्हणतात. ती माझ्यामुळं गेली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. मी बारामतीत एका सल्ला केंद्रात कामाला आहे. शेतकरी मोबाईलवर पिकाचा फोटो पाठवतात आणि त्यांना उत्तर देतात ते दोन एआय एजंट. एक फोटो बघून रोग ओळखतो, औषध सुचवतो. दुसरा त्याचं काम तपासतो. पहिल्याला आम्ही आबा म्हणायचो, दुसऱ्याला तात्या. त्या दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, एकमेकांचं काम कसं जोखायचं, हे ठरवणं माझ्याकडं. बाकीची मंडळी पुण्यात बसतात. इथल्या खोलीत मी एकटाच. डबा खाताना समोर स्क्रीन, त्यावर आबा-तात्यांचा संवाद. घरीही कुणी नाही. कितीतरी दिवस असे गेले, की त्या दोघांचं बोलणं वाचलं, एवढंच काय ते माझं बोलणं.

सुरुवातीला दोघं तोच फोटो वेगवेगळे बघायचे. मतं जुळली नाहीत की प्रकरण माझ्याकडं यायचं. मग मी शेतकऱ्याला फोन लावून दुसरा फोटो मागवायचा. मतं तर वरचेवर जुळायची नाहीत. उत्तरं रखडली की वरून विचारणा व्हायची. आणि खरं सांगायचं तर अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की मला जिवावर यायचं.

मग मी तात्याच्या सूचना बदलल्या. माझं गाव कऱ्हाटी. आमच्या भावकीच्या बैठकीत थोरला आधी बोलतो, बाकीचे मान हलवतात. ज्याला पटलेलं नसतं तो बाहेर चपला घालताना शेजारच्याच्या कानाशी लागतो, आणि पुष्कळदा ते थोरल्यापर्यंत पोचून निर्णय गुपचूप बदलतोही. मला तीच रीत ठाऊक. तात्याला मी लिहिलं: आबानं पीक आधी पाहिलेलं आहे, त्याचं मत अगोदर वाच, मान राखून बोल, ठाम कारण असल्याशिवाय मोडता घालू नकोस.

दोघांचं एकदम जमलं. वरून शाबासकी आली. तात्याची उत्तरं वाचताना मात्र कळत होतं, की हा आता तपासत नाही, आबाचंच वाक्य फिरवून लिहितो. चपला घालण्याएवढी सवड मी त्याला ठेवलीच नव्हती. कळत होतं आणि मी गप्प बसलो.

त्याच दिवसांत दाजींचा फोटो आला. आबा म्हणाला, बुरशीचे डाग. तात्या म्हणाला, बरोबर. बांधाशेजारचा गडी दाजींना सांगत होता, हा तेल्या वाटतोय, कुणाला तरी आणून दाखवा. दाजींनी त्याला उडवून लावलं. आमचा पाव्हणा तितंच बसलाय, वर दोन-दोन मशिनी बघत्यात, म्हणाले. ते बुरशीचंच औषध मारत राहिले; तेल्या जिवाणूंचा, त्याला ते लागू पडत नाही. हवा ढगाळ होती. डाग पानांवरून फळांवर गेले, फळं तडकली, फांद्या मोडायला लागल्या.

मी गेलो तेव्हा जेसीबी झाडं उपटत होता. आक्कानं चहा बाहेरच आणून दिला. मी कप हातात धरून उभा.

"पाव्हणं, तुमच्या मशिनीला बोल न्हाय," दाजी म्हणाले. "माझा हात कापतोय आताशा. फोटोच हलला आसंल."

"लग्नातला तरी कुठं नीट आला व्हता?" आक्का म्हणाली.

दाजी हसले. मीही हसलो. बोलायची वेळ तीच होती.

बारामतीत परतल्यावर तोच फोटो मी तात्याला पुन्हा दिला, आबाचं मत न दाखवता. त्यानं लिहिलं: डाग तेलकट आहेत, तेल्याची शंका आहे, फांदीचा जवळून फोटो मागवा. मी फोटो मोठा करून पाहिला. कुठंही हललेला नव्हता.

आता रीत बदलली आहे. दोघंही आधी आपापलं मत लिहून मोकळे होतात, फोटोत नेमकं काय दिसलं तेही लिहितात, आणि मगच एकमेकांचं वाचतात. वाचताना समोरचं मत कुणाचं, हे त्यांना कळू देत नाही. जुळलं नाही की मी फोन लावतो. काम सुधारलं म्हणून पुन्हा शाबासकी आली. हे कशावरून सुचलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

दाजींनी तिथं मका केला. पण पिकावर काही दिसलं की ते आता मोबाईल आक्काच्या हातात देतात. परवा भाचीच्या बाळाच्या बारशाला कुणीतरी त्यांना फोटो काढायला सांगितलं, तर हात मागं घेऊन म्हणाले, "मला नगं, माझं हालतंय." मी शेजारीच बसलो होतो.

दाजींचा फोटो चांगला होता, त्यांचा हात हलला नव्हता, चूक माझी होती. हे त्यांना तोंडानं सांगायचं देणं मी अजून लागतो.