क्यूबवरचं नाव

बाळारामकाकांनी आमच्या बॅचचे पहिले चोवीसच्या चोवीस क्यूब राडारोड्यात फेकले होते. दोष एवढाच की त्यांवर आमची नावं नव्हती. "बिननावाचा क्यूब मी मशीनला लावत नाय," म्हणाले आणि हात धुऊन डबा खायला बसले.

क्यूब म्हणजे काँक्रीटचा पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा. स्लॅबसाठी जे काँक्रीट ओततात त्यातलंच थोडं साच्यात भरायचं, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचं आणि मग मशीनखाली दाबून फोडायचं. किती भार सोसून फुटला, त्यावरून स्लॅबची ताकद कळते. तो ओला असतानाच खिळ्यानं त्यावर आपलं नाव कोरायचं, हे मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. तो काकांचा कायदा.

पनवेलच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात काका काँक्रीट लॅबचे अटेंडंट होते. सातवी पास. विचुंब्यातलं त्यांचं भाताचं शेत नव्या वसाहतीखाली गेलं, आणि त्या बदल्यात म्हणून ही नोकरी मिळाली. "माज्या भातावर बिल्डिंगी उभ्या केल्या," ते म्हणायचे, "त्या तरी नीट उभ्या राव देत. पडल्या तं भातपन गेला नि मानसांपन." हे म्हणताना त्यांचा आवाज चढायचा आणि मागच्या बाकावरची मुलं हसायची. हसणाऱ्यांत मीही होते.

आम्हाला काँक्रीट शिकवलं ते काकांनी. तीन थर कसे भरायचे, प्रत्येक थर सळईनं कसा कोचायचा, वरचा पृष्ठभाग थापीनं कसा सारखा करायचा. प्राध्यापक लॅबमध्ये येत ते हजेरीपुरते. त्यांतल्या एकानं तर मला तोंडावर सांगितलं होतं, "रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरव, वेळ घालवू नकोस." कॉलेजच्या माहितीपत्रकात सिव्हिलच्या पानावर पूल, धरणं, मेट्रो, परदेश, सगळं छापलं होतं. प्रत्यक्षात आमच्यातले निम्मे कॉम्प्युटर कंपन्यांत गेले, काहीजण अजून स्पर्धा परीक्षांचे क्लास करताहेत. खोटी रीडिंगं उतरवायची सवय तेवढी सगळ्यांना पक्की लागली. त्या पानावर हेही छापायला हवं होतं.

मी साईटवर गेले. उरण रोडला सात मजली इमारतीचं काम होतं. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची गाडी कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून फार उशिरा आली. माल घट्ट व्हायला लागला होता. तो परत पाठवायला हवा होता. प्रोजेक्ट मॅनेजरनी गाडीच्या ड्रममध्ये सरळ पाण्याचा पाईप सोडायला लावला. पाणी घातलं की माल भराभर ओतला जातो आणि स्लॅब कायमचा कमजोर होतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही हे ठाऊक असतं. मी तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, क्यूब यातले भरू नका. स्टोअरमध्ये चांगला माल कालवा, त्याचे भरा."

मी भरले. कोणी हात धरून करायला लावलं नव्हतं. नोकरीला चार महिने झाले होते आणि मला ती टिकवायची होती, बस्स.

आमच्या कॉलेजची लॅब बाहेरचे क्यूबही तपासून द्यायची. अठ्ठावीस दिवसांनी, 'तिसरा मजला, स्लॅब' अशी चिठ्ठी लावून, मीच ते तीन क्यूब घेऊन गेले. काकांनी एक उचलला, उलटासुलटा केला, वरून अंगठा फिरवला.

"स्लॅबचा हाय?"

"हो, काका."

"स्लॅबचा नाय गो. सावलीत बसून भरलेला हाय. हात तुजा हाय. मीच शिकवलाय."

कपाटातला लाल खडू काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "नाव लिव. मंग लावतो."

बाहेरच्या क्यूबवर ते कधी कोणाचं नाव मागत नसत. मी खडू धरून उभी राहिले. लिहिता येईना. शेवटी विचारलं, "काका, मग मी काय करू?"

"मला कशाला इचारतेस? मी सातवी पास. इंजिनियर तू हायस."

मला त्यांचा भयंकर राग आला. चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. आठ-आठ किलोचे ते तीन धोंडे रिक्षात पायाशी घेऊन मी परत आले आणि साहेबांना म्हटलं, स्लॅबचीच तपासणी करा. ते हसले. त्याच आठवड्यात माझ्या जागी दुसरा इंजिनिअर आला, दुसऱ्या लॅबचा उत्तम रिपोर्टही आला. इमारत पूर्ण झाली. गॅलऱ्यांत कपडे वाळत पडले. मला दुसरीकडे नोकरी मिळाली आणि मी सहा वर्षं तोंड शिवून बसले.

गेल्या महिन्यात काका अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून मी विचुंब्याला गेले. बरी आहेस का, वगैरे काही त्यांनी विचारलं नाही.

"त्या बिल्डिंगीत लोका रायला आली?"

"आली."

"तिसऱ्या माल्यावरपन?"

"हो."

"मंग तू कसली गो इंजिनियर?"

इतकंच बोलून त्यांनी डोळे मिटले. सुनेनं आणलेला चहा न घेता मी निघाले. तापले होते. या माणसाला काय अधिकार आहे, असं स्टँडपर्यंत पुटपुटत होते. आठव्या दिवशी ते गेले. आता भांडायलाही कोणी उरलं नाही. राग मात्र गेला नाही, आणि तो काकांवर कधीच नव्हता हेही मला कळत होतं.

काल मी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र नेऊन दिलं. पाणी कसं घातलं, क्यूब दुसऱ्याच मालाचे कसे भरले, कोणत्या स्लॅबची तपासणी करून घ्यायची, सगळं लिहिलं होतं; खाली नाव तेवढं नव्हतं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. त्यांचं स्वतःचं घर दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्याच स्लॅबखाली होतं.

"मॅडम, यात तुम्हीच अडकाल," ते म्हणाले. "आम्ही तपासणी करून घेतो. पत्र बिननावाचं राहू दे."

मी त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.